तबकडीचं डावं-उजवं

जून 1971मध्ये इंग्लंडात एक एलपी बाजारात आली. तिच्या वेष्टनावर एक विचित्र प्राणी होता. वरचं अंग चिलखती आर्माडिलोचं, खालचं रणगाड्याचं, पायांच्या जागी लोखंडी पट्टे आणि वर तोफा. प्राण्याचं नाव टार्कस, तबकडीचं नावही टार्कस, आणि वाजवणारे तिघे म्हणजे इमर्सन, लेक आणि पामर. वेष्टन उघडलं की आत विल्यम नीलने काढलेली चित्रकथा. ज्वालामुखी फुटतो, अंड्यातून हा रणगाडा बाहेर पडतो, समोर येईल त्या यांत्रिक जनावराला लोळवत सुटतो आणि शेवटी मँटिकोर नावाचा नांगीवाला प्राणी त्याच्या डोळ्याला डंख करून त्याला नदीत ढकलतो. पहिल्या बाजूवर हे युद्ध सात भागांत, साडेवीस मिनिटं, श्वास न घेता चालतं. सुरुवातीची चाल पाच ठोक्यांच्या फेऱ्यात धावते, ऑर्गन किंचाळतो, मूग सिंथेसायझर डरकाळ्या फोडतो. मग ऐकणारा उठतो, तबकडी उलटतो, सुई ठेवतो, आणि त्याच्या कानी पडतो गुत्त्यात वाजावा तसा एक खट्याळ पियानो. 'जेरेमी बेंडर' नावाचं हे गाणं दोन मिनिटांच्या आत आटोपतं. नदीत पडलेल्या रणगाड्याचं पुढे काय झालं याची चौकशी कोणीही करत नाही. (दोनेक वर्षांनी या तिघांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली तिचं नाव मात्र मँटिकोर ठेवलं. हरणाऱ्याच्या नावाची तबकडी आणि जिंकणाऱ्याच्या नावाचा धंदा, ही व्यवहारदृष्टी वाखाणण्यासारखी आहे.)

आता या तबकडीला गुण किती द्यायचे? प्रोग्रेसिव्ह रॉकचे, म्हणजे थोडक्यात प्रॉगचे, चाहते या प्रश्नावर पन्नास वर्षं भांडत आले आहेत. हे चाहते मुळातच हिशेबी. गाण्याची चाल गुणगुणण्याआधी ते त्यातले ठोके मोजतात. त्यांची प्रचलित पद्धत सरळ आहे. पहिल्या बाजूला पाचपैकी पाच, दुसरीला दोन, बेरीज सात, भागिले दोन, म्हणजे साडेतीन तारे. दहावीच्या टक्केवारीवर वाढलेल्या आपल्या मनालाही हे लगेच पटतं. गणितात शंभर आणि हिंदीत चाळीस मिळवणाऱ्या पोराला आपण सत्तरचा शिक्का मारतो आणि सगळीकडे मुकाट्याने सत्तर मिळवणाऱ्याच्या शेजारी नेऊन बसवतो. साडेतीन ताऱ्यांच्या बाकावर टार्कसच्या शेजारी मग कोण येऊन बसतं? ज्यांत चूक काहीच नाही आणि दुसऱ्या दिवशी आठवतही काहीच नाही असे अल्बम. शिवाय हा साडेतीनचा आकडा ज्या संगीताचं वर्णन करतो ते संगीत या तबकडीवर कुठेच नाही. पहिल्या बाजूवर शोधा, दुसऱ्या बाजूवर शोधा, साडेतीनच्या दर्जाचं मिनिट फार तर एखादं सापडेल. मोजमाप अचूक आणि मोजलेली वस्तू गैरहजर, असा हा प्रकार.

माझं म्हणणं असं की विषम बाजूंची तबकडी सरासरीने तोलूच नये. तिचा दर्जा तिच्या थोर बाजूने ठरवावा. आणि तिची दुबळी बाजू हा बहुतेक वेळा तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असतो. यातलं दुसरं विधान आगाऊ वाटेल याची कल्पना आहे. म्हणूनच आधी त्याची पाळंमुळं पाहू, आणि ती संगीतापेक्षा कारखान्यात जास्त खोल गेलेली आहेत.

कोलंबिया कंपनीने 1948 साली एलपी आणली. बारा इंची तबकडी, मिनिटाला 33⅓ फेरे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं संगीत सुखाने मावेल एवढी जागा. त्याहून जास्त कोंबायचं तर खाचा एकमेकींना चिकटतात, आवाज लहान करावा लागतो आणि खर्ज पातळ होतो. भरीला आणखी एक गंमत. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण मध्याजवळच्या खाचेचा घेर लहान असतो, त्यामुळे एका फेऱ्यात सुईखालून कमी लांबीची खाच सरकते आणि आवाजातला बारकावा घटतो. म्हणजे वीस मिनिटं चढत गेलेल्या महारचनेचा कळस, जिथे सगळी वाद्यं एकदम कोसळतात, तो बरोबर तबकडीच्या सगळ्यात गरीब वस्तीत येतो. तरीही प्रॉगवाल्यांनी या वीस मिनिटांनाच आपली पवित्र मोजपट्टी मानलं. टार्कस आणि रशची '2112' साडेवीस मिनिटांच्या, कॅरव्हॅनची 'नाइन फीट अंडरग्राउंड' बावीसच्या पुढे, जेनेसिसची 'सपर्स रेडी' तेवीसच्या घरात, पिंक फ्लॉइडची 'एकोज' साडेतेवीस. मानवी जाणिवेचा प्रवास, जगाचा अंत आणि आर्माडिलोचा पराभव या सगळ्यांना इतका सारखा वेळ लागावा, याचं उत्तर तत्त्वज्ञानात सापडणार नाही.

पण एक बाजू अशी काठोकाठ भरली की दुसरी उरतेच. ती कोरी ठेवता येत नाही असं मात्र नाही. जॉनी विंटर या गिटारवाल्याने 1969 साली 'सेकंड विंटर' नावाचा दोन तबकड्यांचा अल्बम काढला, त्यात संगीत तीनच बाजूंवर आहे, चौथी सपाट, नुसती काळीभोर. माल तीन बाजूंचा होता, तीन बाजू दिल्या, विषय संपला. असा निर्लेप प्रामाणिकपणा प्रॉगमध्ये कोणाला झेपला नाही. ज्या मंडळींना विश्वाच्या रहस्याबद्दल बोलताना कधी संकोच वाटला नाही, त्यांना एक बाजू गप्प बसायला मात्र जमलं नाही. कंपनीला अख्खी एलपी हवी, दौऱ्याच्या तारखा डोक्यावर, स्टुडिओचं भाडं चालू. सगळी अक्कल, सगळे सूर पहिल्या बाजूवर खर्च झालेले, आणि अजून अठरा मिनिटं भरायची.

ही अठरा मिनिटं टार्कसमध्ये कशी भरली ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यात सगळंच टाकाऊ नाही. 'बिचेस क्रिस्टल' हे वेडंवाकडं धावणारं गाणं पहिल्या बाजूच्या रक्ताचं आहे. 'दि ओन्ली वे'मध्ये चर्चचा ऑर्गन आहे आणि त्यावर बाख आहे. उसना असला तरी बाख तो बाखच. 'इन्फिनिट स्पेस' या अनंताचा दावा करणाऱ्या तुकड्यात पियानो आणि ढोल एकच वळण घोटत बसतात आणि अनंत तीन-साडेतीन मिनिटांत उरकतं. आणि सगळ्यात शेवटी येतं 'आर यू रेडी, एडी?'. हा एडी म्हणजे स्टुडिओतला ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड. काम संपल्याच्या आनंदात त्याच्या नावाने केलेला हा रॉक अँड रोलचा धिंगाणा आहे आणि तो संपतो तेव्हा सँडविचमध्ये हॅम आहे की चीज याची आरडाओरड ऐकू येते. महाकाव्याच्या मलपृष्ठावर कँटीनचा फलक छापल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या ऐकण्यात नाही.

आता सरासरीवाल्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. पहिल्या बाजूची ती महारचना कीथ इमर्सनने बाकी दोघांपुढे मांडली तेव्हा ग्रेग लेकला ती पसंत नव्हती. असलं काही करायचं तर तू स्वतःच्या नावाने वेगळं कर, असा त्याचा सूर होता. पुढे समजूत निघाली, आणि त्याच रचनेतला 'बॅटलफील्ड' हा फार सुरेख भाग लेकनेच लिहिला. पण समजा त्या दिवशी लेकचं म्हणणं मान्य झालं असतं तर? मग टार्कसच्या दोन्ही बाजू अगदी समान झाल्या असत्या: दोन्हीकडे छोटी गाणी, दोन्हीकडे गुत्त्यातला पियानो. बाजूंमधली विषमता नाहीशी झाली असती आणि तिच्याबरोबर तबकडीही. विषमतेबद्दल तक्रार करणाऱ्याने ती नेमकी कुठल्या बाजूने दूर व्हायला हवी होती ते आधी सांगावं.

पिंक फ्लॉइडने हाच उद्योग टार्कसच्या आठेक महिने आधी, ऑक्टोबर 1970मध्ये करून ठेवला होता. 'ॲटम हार्ट मदर' या तबकडीच्या वेष्टनावर एक गाय आहे. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, फक्त मागे वळून पाहणारी गाय, आणि तिच्या चेहऱ्यावर आतल्या मजकुराविषयी जेवढी उत्सुकता आहे तेवढीच पुढे खुद्द बँडलाही उरली. बँडमधल्या वॉटर्स आणि गिल्मर या दोघांनीही नंतर या तबकडीची यथेच्छ निंदा केली. पहिल्या बाजूवर पावणेचोवीस मिनिटांची शीर्षकरचना, ब्रास वाद्यवृंद आणि गायकवृंदासह. दुसऱ्या बाजूची वाटणी वडिलोपार्जित जमिनीसारखी. एक गाणं वॉटर्सचं, एक राइटचं, एक गिल्मरचं, म्हणजे भांडण नको. आणि उरलेल्या तेरा मिनिटांत बँडच्या सामानाची ने-आण करणाऱ्या ॲलनचा नाश्ता. हे रूपक नाही. 'ॲलन्स सायकेडेलिक ब्रेकफास्ट' या रचनेत ॲलन खरोखर नाश्ता करतो. तव्यावर काहीतरी चरचरतं, किटली शिट्टी घालते, नळ ठिबकतो आणि मधूनमधून बाकीचे वाजवतात. सुरुवातीच्या इंग्लिश प्रतींवर तर त्या नळाचं ठिबकणं तबकडीच्या शेवटच्या बंद खाचेत कोरलेलं आहे, म्हणजे कोणीतरी उठून सुई उचलेपर्यंत तो नळ अखंड ठिबकत राहतो. प्लंबरला गायकवृंदापेक्षा जास्त वेळ मिळालेली ही एकच तबकडी असावी. तरी एक मान्य करायला हवं, नाश्ता दुसऱ्या बाजूवर आहे. पहिल्या बाजूच्या गायकवृंदात कोणीही अंडी तळत नाही. ज्याला फक्त गायकवृंद हवा त्याला नळाचा थेंबही ऐकावा लागत नाही.

माझ्या आगाऊ विधानाचा गाभा हाच आहे. भरणा प्रत्येक बँडकडे असतो. प्रश्न एवढाच, की तो कुठे ठेवायचा. विषम बाजूंची तबकडी भरणा एका बाजूला काढते आणि चक्क सांगते, हा इकडे आहे, पलटायचं तर पलटा. समान बाजूंचा आग्रह धरला की भरणा जात नाही, तो मुख्य रचनेत मिसळतो, आणि एकदा मिसळला की पाण्यातून दूध वेगळं करणारा हंस आणावा लागतो. याचा पुरावा हवा असेल तर 'येस' या बँडच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'कडे जावं. गायक जॉन अँडरसन 1973च्या दौऱ्यात टोकियोत परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचत होता. त्यातल्या एका तळटिपेत शास्त्रांचे चार वर्ग दिले होते: श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं. तळटीप वाचून आपण सहसा पुढच्या पानावर जातो. अँडरसन पुढच्या पानाऐवजी स्टुडिओत गेला. चार वर्ग, चार रचना, दोन तबकड्यांच्या चार बाजू, एकूण ऐंशी मिनिटं. कुठलीही बाजू साधारण अठरा मिनिटांहून लहान नाही की बावीसहून मोठी नाही. प्रॉगच्या इतिहासात एवढी समतोल वाटणी क्वचितच झाली असेल. आणि पुराणांना वाहिलेली तिसरी बाजू ऐकताना, मराठीत कोणी बोलणं लांबवलं की त्याने पुराण लावलं असं आपण का म्हणतो, हे कुठल्याही टिपेवाचून कळतं.

बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक वेकमनला हे त्याच वेळी कळलं होतं. त्याने पुढे अनेकदा सांगितलं की माल एका तबकडीपेक्षा जास्त आणि दोन तबकड्यांपेक्षा कमी होता, म्हणून तो ताणला गेला. मँचेस्टरच्या कार्यक्रमात तर वाजवायला फारसं काही नसलेल्या एका लांबलचक पट्ट्यात त्याने रंगमंचावरच जेवण उरकलं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे जवळच्या हॉटेलातून आलेल्या त्या ताटात विंदालू, पापड, भेंडीची भाजी आणि बॉम्बे आलू होते. श्रुती-स्मृतींवर आधारलेल्या त्या संध्याकाळी भारताचा सगळ्यात अस्सल अंश त्या ताटात होता, असं म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षी वेकमन बँड सोडून गेला. आता 'टेल्स'मध्ये थोर संगीत नाही का? आहे, भरपूर आहे. चौथ्या बाजूतला शेवटचा शांत भाग तर मी कोणाही संशयी माणसापुढे पैजेवर ठेवीन. पण तो मिळवायला आधी ढोलांचा एक मोठा डोंगर ओलांडावा लागतो, आणि डोंगर आणि दरी एकाच अखंड खाचेत आहेत. येसने चांगली चाळीस मिनिटं एका तबकडीवर घेऊन उरलेला माल दुसऱ्या तबकडीवर 'उरलेला माल' म्हणून दिला असता, तर वेकमन घरी जेवला असता.

यावर पहिली हरकत येते ती ग्राहकाची. पैसे दोन्ही बाजूंचे घेतलेत, मग गुण एकाच बाजूचे कसे? हरकत रास्त आहे आणि तिचं उत्तर दुकानात आहे. पैशाचा हिशेब जरूर दोन्ही बाजूंवर करावा, आणि अर्धी तबकडी टुकार असेल तर नवी कोरी न घेता जुन्या बाजारात घ्यावी. पण किंमत आणि दर्जा या निराळ्या गोष्टी आहेत. महाग पुस्तक त्यामुळे वाईट ठरत नाही आणि स्वस्त शाल त्यामुळे ऊबदार होत नाही. माझ्या मते थोर बाजूने दर्जा ठरावा आणि दुबळ्या बाजूने भाव. टीकाकाराने या दोन्हींचा एकच आकडा करून छापला की गिऱ्हाइकाला धड रसग्रहणही मिळत नाही आणि धड बाजारभावही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: असा निकष लावला तर कोणीही एक बाजू जीव ओतून करेल आणि दुसऱ्या बाजूवर नाश्ता करेल, आळसाला बक्षीसच मिळेल. माझा अनुभव नाही, पण अनुमान उलटं आहे. एक बाजू जीव ओतून करणं हेच इतकं दुर्मीळ आहे की ज्याला ते जमलं त्याला दुसऱ्या बाजूचा नाश्ता माफ करायला काहीच हरकत नाही. वीस मिनिटांची रचना नुसती लांब असून भागत नाही. कॅनडाच्या रश या बँडने 1975 साली 'केअरेस ऑफ स्टील'ची अख्खी दुसरी बाजू एका महारचनेला दिली. ती कोणाला फारशी रुचली नाही, आणि त्या दौऱ्याला बँडनेच थट्टेने 'डाउन द ट्यूब्स' असं नाव दिलं. कंपनी म्हणाली, आता छोटी गाणी करा. रशने 1976मध्ये पुन्हा अख्खी बाजू भरणारी रचना केली, फक्त या वेळी ती पहिल्या बाजूवर ठेवली. तीच '2112', आणि तिनेच बँडला तारलं. लांबी दोन्हीकडे तीच होती. कंपनीला हव्या असलेल्या छोट्या गाण्यांसाठी मग दुसरी बाजू उरलीच होती, म्हणजे तबकडीला दोन बाजू असण्याचा एक उपयोग असाही, की एका बाजूने बंड करता येतं आणि दुसऱ्या बाजूने आज्ञा पाळता येते.

तिसरी हरकत मला सगळ्यात आवडते, कारण ती अर्धी खरी आहे. ती म्हणते, छोटी गाणी हा भरणा नव्हेच, तो मुद्दाम ठेवलेला उतारा आहे. जड जेवणानंतर ताक. काही तबकड्यांबाबत हे शंभर टक्के बरोबर आहे. कॅरव्हॅनच्या 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक'ची पहिली बाजू हलकीफुलकी, दुसरी बाजू एकसंध लांब, आणि दोन्हींत एकाच घरातली माणसं बोलताहेत हे स्पष्ट ऐकू येतं. जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट'ची पहिली बाजू तर स्वतंत्रपणे उभी राहते. तिच्यातल्या 'गेट एम आउट बाय फ्रायडे' या गाण्यात घरमालक भाडेकरूंना हुसकून लावतात आणि पुढच्या काळात माणसांची उंचीच चार फुटांवर आणायचा हुकूम निघतो, म्हणजे एका इमारतीत जास्त बिऱ्हाडं बसतील. (मुंबईच्या बिल्डरांपर्यंत ही कल्पना अजून पोचलेली दिसत नाही.) येसच्या 'क्लोज टू दि एज'मध्ये एका बाजूला अठरा मिनिटांची एक रचना आणि दुसऱ्या बाजूला नऊ-दहा मिनिटांच्या दोन, तिथे उजवं-डावं करायला जागाच नाही. या तबकड्या विषम नाहीत, त्यांच्या बाजूंचे आकार फक्त निराळे आहेत. उतारा आणि भरणा यांतला फरक ओळखणंही फार अवघड नसतं. उतारा मोठ्या रचनेनंतर ऐकावासा वाटतो, भरणा ऐकताना मोठ्या रचनेची आठवण येते.

आणि बाजूबाजूने ऐकण्याची ही रीत काही फक्त परदेशी रॉकची खोड नाही. एलपी आली तेव्हा तिचा सगळ्यात मोठा फायदा आपल्या रागसंगीताला झाला. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागे. पंडित रविशंकरांच्या 1956च्या 'थ्री रागाज'मध्ये एका अख्ख्या बाजूवर जोग आहे आणि दुसऱ्या बाजूवर अहिर भैरव आणि सिंहेंद्रमध्यमम् असे दोन राग वाटून घेतलेले आहेत. पुढे गायकांच्या कितीतरी तबकड्यांवर एका बाजूला मोठा ख्याल आणि दुसरीकडे आणखी एखादा राग, जोडीला ठुमरी किंवा भजन, अशी मांडणी रूढ झाली. कुठल्याही मराठी रसिकाने ख्यालाला पाच, भजनाला तीन, म्हणून तबकडीला चार असा हिशेब केल्याचं ऐकिवात नाही. तो म्हणायचा, त्यातला तो राग ऐका. भजन आवडलं तर तेही सांगायचा, नाही आवडलं तर गप्प बसायचा.

सरासरीचं हे वेड फोफावलं ते मुख्यतः सीडी आल्यावर, म्हणजे 1982नंतर. सीडीला ऐकण्याची बाजू एकच. आर्माडिलो नदीत पडतो आणि दुसऱ्याच क्षणाला, उठायचं नाही, चहा ठेवायचा नाही, थेट गुत्त्यातला पियानो. तबकडीवर जे दोन वेगळ्या संध्याकाळी ऐकता येत होतं ते आता एका दमात गळ्याखाली उतरू लागलं, आणि एका दमात ऐकलेल्या गोष्टीला एक आकडा देण्याचा मोह होणारच. पलटणं म्हणजे निर्णय होता. ज्याने दुसरी बाजू लावली त्याने ती मागून घेतली होती, आणि मागून घेतलेल्या सँडविचबद्दल तक्रार कोणी करत नाही.

काळाने काय निकाल दिला तेही पाहावं, कारण काळ सहसा सरासरी काढत नाही. जपानी संगीतकार ताकाशी योशिमात्सुने टार्कसची महारचना अख्ख्या सिंफनी वाद्यवृंदासाठी बसवली, आणि 2012 साली जपानच्या एनएचके वाहिनीने 'ताइरा नो कियोमोरी' या आपल्या ऐतिहासिक मालिकेत ती वापरली. बाराव्या शतकातले जपानी योद्धे आणि मागे इंग्रजी आर्माडिलोचं रणसंगीत, आणि ते शोभलंही. चाळीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, निराळ्या वाद्यांवर पहिली बाजू एकटी उभी राहिली. 'आर यू रेडी, एडी?' वाद्यवृंदासाठी बसवायचं अजून कोणाच्या मनात आलेलं नाही.

इथे माझा युक्तिवाद छान मिटला असता, पण पिंक फ्लॉइडच्या एका कुत्र्याने त्यात खोडा घातला आहे. 1971च्या 'मेडल'मध्ये 'एकोज' ही थोर रचना दुसऱ्या बाजूवर अख्खी पसरली आहे. तिचं कच्चं नाव 'नथिंग' होतं, आणि तुकड्यांची मोजणी 'नथिंग, भाग 1 ते 24' अशी चालायची. एवढं विनयशील नाव प्रॉगमध्ये पुन्हा कोणी ठेवलं नाही. पहिल्या बाजूच्या शेवटी मात्र 'शेमस' आहे: दोन मिनिटांचा ब्लूज, आणि त्यावर गायक स्टीव्ह मॅरियटच्या शेमस नावाच्या कुत्र्याचं रडणं. माझ्या नियमानुसार एकोज टिकायला हवी होती आणि शेमसने विस्मृतीत जायला हवं होतं. त्याच वर्षी एड्रियन मेबन या दिग्दर्शकाने पोम्पेईच्या प्राचीन रिकाम्या प्रेक्षागारात बँडचं चित्रण केलं, आणि पुढे त्याचा चित्रपट झाला. एकोज त्यात आहेच, दोन तुकडे करून एक सुरुवातीला आणि एक शेवटी. पण मध्येच, पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित केलेल्या एका तुकड्यात, तोच कुत्र्याचा ब्लूज पुन्हा येतो. गिल्मर हार्मोनिका वाजवतो, राइट ध्वनिक्षेपक धरून बसतो, आणि गायला नॉब्ज नावाची एक उंच, खानदानी रशियन बोर्झोई कुत्री आणलेली आहे. गाण्याचं नावही बदलून 'मादमॉझेल नॉब्ज' केलं आहे. म्हणजे भरण्याचा दर्जा वाढवायचा ठरला तेव्हा त्यांनी चाल तीच ठेवली आणि गायक बदलला, आणि ऐकून सांगतो, नॉब्ज शेमसपेक्षा सुरात आहे.